उपाशी धाडायचं नाय

२८ नोव्हेंबर १९९८

भोक! माझ्या हृदयात भोक आहे! शहापूरच्या डॉक्टरांना नुसता संशय होता, आज मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात मशीनवर दिसलंच. जन्मापासूनचं. म्हणजे सतरा वर्षं मी भोक घेऊन किन्हवलीभर हिंडतेय आणि मला पत्ता नाय! छाती उघडून शिवायचं म्हणे. नाय शिवलं तर पुढे फुप्फुसं खराब होतील, मग ऑपरेशनही करता येणार नाय. येताना जीपमध्ये बाबा बोटांवर खर्च मोजत होते.

३० नोव्हेंबर

सगळी वस्ती बघून गेली मला. गीताबाई — "कान टोचताना सुई खोल गेली असंल." आणि छाया, माझी मैत्रीण म्हणवते — "तरीच तुझ्या पोटात काय राहत नाय!" असा चिमटा काढला तिला!

४ डिसेंबर

भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं. हृदय थोडा वेळ बंद ठेवणार आहेत. परत चालू नाय झालं तर? जनाआत्याला विचारलं. म्हणाली, "न व्हायला काय झालं? तुझं तोंड कदी बंद झालंय?" आई गेल्यापासून आत्याच आमचं घर बघते. हिच्यापुढे रडायचीसुद्धा सोय नाय.

९ डिसेंबर

अ‍ॅडमिट झाले. सोबतीला आत्या. उद्या पहिला नंबर माझा. सिस्टर बजावून गेली — रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको. आत्याने शहाण्यासारखी मान हलवली.

१० डिसेंबर

वाट लावली आत्याने!!

आमच्याकडे मोठ्या कामाला निघालेल्याला उपाशी धाडत नाहीत, घास भरवतात. पहाटे वॉर्ड झोपेत असताना हिने पदराखालून मलिदा काढला — तांदळाची भाकरी कुस्करून, गूळ, वर तूप. "येका घासानं काय व्हतंय गो?" मी एक खाल्ला. मग दुसरा. काय करू, गोड होता!

सिस्टरने विचारलं, "काही खाल्लंस?" मी खरं सांगितलं. ऑपरेशन रद्द! भूल दिल्यावर पोटातलं श्वासनळीत गेलं असतं तर मेलेच असते. डॉक्टर असे तापले! माझ्या जागी दुसऱ्याला नेलं.

आत्या त्यांच्या मागे धावली. "सायेब, चूक माजी हाय, पोरीला परत धाडू नका!" जिन्यात मटकन बसली ती. धाप थांबेचना. डॉक्टर खाली आले, राग विसरून तिच्या छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकत राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

११ डिसेंबर

मला सोमवार मिळाला. हुश्श! आत्याला मशीनवर नेलं. जाताना कुरकुर — "माजं काय बघताव? मी धडधाकट हाय!" मी अजून तिच्याशी बोलत नाय.

१२ डिसेंबर

आत्याच्याही हृदयात भोक. जन्मापासूनचं, माझ्याहून मोठं. नशीब, फुप्फुसं अजून शाबूत आहेत म्हणे. सोमवारी माझं शिवणार, नंतर तिचं. कामाला जड, आळशी, दोन हंडे पाणी आणलं की बसते — म्हणून लग्नाच्या वर्षातच सासरच्यांनी तिला परत धाडली होती. मला वाटलं, आता ऊर बडवून रडेल. तर ही खाटेवर उठून बसली. हसली!

"बघ गो संघे, मी आळशी नव्हते!"

सकाळपासून येईल त्याला तेच सांगतेय. झाडूवालीलासुद्धा.