पान संपल्यावर थांबणारा

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज कामावर रुजू झालो. एक्कावन्नाव्या वर्षी नवी नोकरी मिळणं हीच लॉटरी, आणि त्यात ही नोकरी अशी की निम्मा दिवस खुर्चीत बसून वाचता येईल. खडीच्या खाणीबाहेरचा वजनकाटा. रस्त्यालगत जमिनीत बसवलेला लोखंडी चौथरा, त्याला चिकटून माझी केबिन. एक टेबल, एक खुर्ची, समोर मोठी काच आणि काचेखाली लाल आकड्यांचा डबा. गाडी चौथऱ्यावर चढते, आकडा स्थिरावतो, मी गाडीचा नंबर आणि वजन पावतीवर लिहितो, गाडी निघून जाते. मग वीस-पंचवीस मिनिटं कोणी नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

खोली चालत दहा मिनिटांवर मिळाली. हवेशीर आहे, शेजार नाही. वाचनालयातल्या बाईंनी एका वेळी चार पुस्तकं द्यायचं कबूल केलं. रहस्यकथांचं कपाट उघडताना त्यांना बिजागरीला तेल घालावं लागलं.

ही वही ताईसाठी. तिची नजर गेल्या वर्षी अधू झाली. माणूस आला एवढं दिसतं, अक्षर दिसत नाही. जन्मभर वाचत आलेल्या बाईचं रेडिओवर भागत नाही. म्हणून असं ठरलं आहे की मी वाचायचं, काय वाटलं ते इथे टिपायचं आणि रविवारी फोनवर तिला सगळं सांगायचं. तिची एकच अट आहे. खुनी कोण ते शेवटपर्यंत सांगायचं नाही, नाहीतर पुढचा खून तुझा, असं ती म्हणाली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पहिलं पुस्तक संपवलं. दीपगृहावर तीन राखणदार, आणि एके सकाळी पायऱ्यांवर चौथ्याच माणसाचं प्रेत. पहिली दीडशे पानं झकास. लेखकाला समुद्र चांगला माहीत आहे, माणसं तेवढी माहीत नाहीत. सगळे एकसारखे बोलतात, प्रेताला संधी मिळती तर तेही तसंच बोललं असतं. शेवटी पोलीस अधिकारी सर्वांना एका खोलीत बसवून अकरा पानं भाषण ठोकतो आणि तेवढ्यात कोणी पाणी प्यायलाही उठत नाही.

एक जागा मात्र आवडली. एक राखणदार बुडून मरतो, तरी धाकटा रोज तीन ताटं मांडतो. तिथे पुस्तक मिटून जरा वेळ बाहेर बघत बसलो.

लाल गाडीचा ड्रायव्हर तोंडाने फटकळ आहे. काचेतून डोकावून म्हणाला, मास्तर, गाड्या मोजायला ठेवलंय तुम्हाला की पानं? मी म्हटलं, तू गाडी पुढे घे, म्हणजे पानं मोजतो. आता मी सगळ्यांचा मास्तर झालो आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

ताईला दीपगृह सांगितलं. तिने चौथ्या मिनिटाला खुनी ओळखला, आणि वर विचारलं, तुला किती पानं लागली रे? एकशे नव्वद, म्हटलं. तू पहिल्यापासून मठ्ठच, ती म्हणाली. खूप हसलो.

लहानपणी घरात पुस्तक एक आणि वाचणारे दोघं. एकाच पुस्तकात डोकी खुपसून बसायचो. तिचं पान आधी व्हायचं. मग ती पानाचा कोपरा चिमटीत धरून विचारायची, उलटू? मी हो म्हणेपर्यंत थांबायची. कधीकधी मी मुद्दाम उशीर करायचो, तरी थांबायची.

फोन ठेवल्यावर खोली जरा जास्तच शांत वाटली. लग्न राहूनच गेलं माझं, त्याचं एरवी काही वाटत नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दुसरं पुस्तक. दोन जावा आणि घरात शिवणयंत्र एकच. रहस्यकथा नाही, पण यातलं रहस्य दीपगृहापेक्षा सरस. दोघी सोळा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, आणि का ते दोघीही विसरल्या आहेत. एकीने अर्धवट टाकलेली शिवण दुसरी दुपारी पुरी करून ठेवते. तेवढंच काय ते त्यांचं बोलणं. लेखिकेने कुठे अश्रू गाळलेले नाहीत, त्यामुळे वाचणाऱ्यावर ती वेळ येते.

दुपारी तीनच्या सुमारास एक पान संपलं आणि मी उगाच मोठ्याने म्हटलं, उलटू? केबिनमध्ये मी एकटा, बाहेर ऊन, रस्ता मोकळा. म्हटलं आणि थांबलो. बरं वाटलं.

मान वर केली तर आकड्यांच्या डब्यावर चाळीस किलो. चौथऱ्यावर काही नव्हतं. पान उलटेपर्यंत चाळीसच राहिले. मग मी बटण दाबून शून्य केलं. लाल गाडीवाला म्हणाला, खाली खडी अडकली असेल, काट्याला काय कळतंय.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

तिसरं पुस्तक निम्मं झालं. एका दवाखान्यातला कंपाउंडर पोलिसांच्या आधी गुन्हे उकलतो. अंदाज बांधायला हरकत नव्हती, पण मला घाई नाही. हल्ली मी सावकाश वाचतो. प्रत्येक पानाच्या शेवटी थांबतो.

का थांबतो ते लिहूनच टाकतो, ताईला हा भाग वाचून दाखवायचा नाही. मी थांबतो आणि थोड्या वेळाने मला कळतं, त्याचंही पान झालं. कसं कळतं ते सांगता येत नाही. शेजारी बसलेल्या माणसाचा रोखलेला श्वास सुटावा तसं काहीसं. मग मी पान उलटतो. तेवढा वेळ डब्यावर साठ असतात.

सुरुवातीला त्याला वेळ लागायचा, लिहायला-वाचायला नुकतं शिकलेल्या माणसासारखा. आता बराच पटपट वाचतो.

भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर कितीतरी वर्षांत पहिल्यांदा माझ्याबरोबर कोणी वाचत होतं. परवा मी त्याच्यासाठी म्हणून वाचनालयातून सोप्या भाषेतलं एक पुस्तक निवडून आणलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज दिवसभर आकडा शून्य. मला वाटलं, गेला. चक्क वाईट वाटलं.

जेवणानंतर चौथं पुस्तक उघडलं, त्याच्यासाठी आणलेलं. पहिलं पान संपलं. सवयीने थांबलो. आणि ते कळणं आलं, पण चौथऱ्याकडून नाही. माझ्या मागून. खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा आहे, तिथून.

मी वळून पाहिलं नाही. पान उलटलं.

ऐंशी पानं वाचली. आता टिपण लिहायला बसलो आहे तर त्यातलं एक अक्षर आठवत नाही. एक बाई आहे, की बाग आहे. दवाखान्याच्या पुस्तकाचा शेवटही आठवत नाही. वाचला होता, खूण शेवटच्या पानाला आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

ताईचा फोन. म्हटलं, कंपाउंडरची गोष्ट सांगतो, शेवट जरा विसरलो आहे. ती म्हणाली, अरे, कालच तर सांगितलीस.

काल मी फोन केला नव्हता.

तिचं म्हणणं, मी दुपारी दीड तास बोललो. कंपाउंडरची गोष्ट सांगितली आणि वर बागेतल्या बाईचीही सबंध सांगितली, प्रत्येकाचे आवाज काढून. इतकं सुंदर तू कधीच सांगितलं नव्हतंस रे, ती म्हणाली. पूर्वी तू नुसता सारांश सांगायचास, किराण्याच्या यादीसारखा. माळीच खुनी निघाला तेव्हा माझा घास हातात राहिला.

मी ते पुस्तक निम्म्यावर सोडलं आहे. आत्ता शेवट उघडून पाहिला. माळीच आहे.

माझ्या फोनवर कालचा एकही कॉल नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

लाल गाडीवाल्याला विचारलं, माझ्या आधी इथे कोण होतं. म्हणाला, काका होते एक, तुमच्यासारखेच पुस्तकातले किडे. एकटेच मोठमोठ्याने बोलायचे, आम्ही चेष्टा करायचो. मग एक दिवस ते गाडीच्या नंबरकडे भिंतीकडे बघावं तसे बघत बसले. पावती लिहिलीच नाही. आता लेकीकडे असतात. हा त्यांना भेटायला गेला होता, तेव्हा पेपर हातात धरून बसले होते. उलटा. सांगताना तो हसला, मग हसायचा थांबला आणि त्याने मला विचारलं, मास्तर, बरं नाही का तुम्हाला?

मी बरा आहे म्हटलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सगळी पुस्तकं परत केली. बाई म्हणाल्या, एवढ्यात? मी म्हटलं, डोळ्यांना आराम देतोय.

उपयोग झाला नाही. दुकानाची पाटी, बसवरचं नाव, काडेपेटीवरच्या चित्राखालचं नाव, नजर पडेल ते सगळं वाचलं जातं. मी एकदा वाचतो आणि ते जातं. परत बघितलं की नुसत्या रेघा. वाचनालयाची पाटी येताना वाचली, जाताना गेली.

रस्त्याने खाली बघून चालतो. मागून येणाऱ्याचा पाय माझ्या पायाबरोबर पडतो.

ताईला काय सांगू? मी तिचे डोळे आहे, दुसरं कोणी नाही तिला. मला एवढं एकच येत होतं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

ड्रायव्हरना नंबर तोंडी सांगायला लावतो. लिहिता येतं. हाताला अक्षरं पाठ आहेत. लिहिलेलं वाचता येत नाही. सोमवारचं पान उघडलं — मुंग्या.

लाल गाडीवाला म्हणाला, मास्तर, सुट्टी घ्या, बहिणीकडे जा. स्टँडवर गेलो. कोणालाही विचारून बसमध्ये बसता आलं असतं. बसलो नाही. याला घेऊन तिच्या दारात —

शुक्रवार

ताईला मीच फोन केला. सांगितलं, यापुढे माझा फोन आला तर उचलू नकोस. तो मी नसेन. ती हसली. म्हणाली, रोज दुपारी तर बोलतोस, कालही किती वेळ बोललास, मग आत्ता कोण बोलतंय?

मी म्हटलं, मी. खरा.

म्हणाली, बरं, मग एक गोष्ट सांग.

काही आठवेना. दीपगृह — तीन ताटं — पुढे काहीच नाही. मग ती हळूच म्हणाली, तुमचा काहीतरी नंबर चुकला असेल. तुमचा, म्हणाली. मला.

शनिवार असावा

एक कळलं आहे. मी लिहितो तेव्हा तो इथे असतो. खांद्यापाशी. शाई वाळायच्या आत वाचतो. आज दुपारभर लिहीत बसलो — काहीही, गाड्यांची वजनं, आमच्या जुन्या घराच्या खोल्या, ताईची वेणी — तेवढा वेळ तो हलला नाही. मी लिहीत राहिलो तर तो ताईकडे जाणार नाही. वही अजून निम्मी कोरी आहे. सावकाश लिहायचं. अक्षर बारीक काढायचं.

हात दुखतो.

रविवार

कामाला सुट्टी. सकाळपासून लिहितो आहे. काय लिहिलं ते दिसत नाही, रेघा दिसतात. तो वाचतो आहे, म्हणजे अक्षरंच असणार.

ताई, हे तुझ्यासाठी होतं. जावांचं पुस्तक तुला सांगायचं राहिलं. एक शिवण टाकायची, दुसरी — दुसरी काय करायची —

खांद्यापाशी आता श्वास नाही. गेला? की वही संपवून —

फोन वाजला. उचलला. मी बोलायच्या आधीच तिकडे कोणी बोलत होतं. माझा आवाज. सावकाश, छान, थांबत थांबत. आज कामावर रुजू झालो, म्हणत होता. एक्कावन्नाव्या वर्षी. ताई हसते आहे. मी हाका मारतो, तिला ऐकू जात नाही. तो दीपगृह वाचतो आहे. लाल गाडी. पानं भराभर —

शनिवारचं पान वाचून झालं. शिवण झाली. फोन वाजला, तो वाचतो. उचलला, तो वाचतो. माझ्या लिहिण्याच्या बरोबरीने —

ताई विचारते, मग पुढे काय झालं रे?

तो सांगतो आहे. मी अजून लिहिलेलं नाही. तो पुढचं सांगतो आहे, खोलीत वाचणारा वही मिटतो आणि लिहिणाऱ्या माणसाच्या खुर्चीत