उस्तादांचा उजवा हात

३ फेब्रुवारी, मंगळवार

आणलं एकदाचं! ड्रिल मशीन. पेटी इतकी जड, की बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, 'टाइपरायटर का?'

दुकानात फजिती झाली ती वेगळीच. दुकानदार म्हणाला, 'भिंत कसली आहे?' मी म्हटलं, 'पिवळी.' तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, 'तसं नाही काका. विटांची की काँक्रीटची?' आता मला काय माहीत! इतकी वर्षं त्या भिंतीला टेकून पेपर वाचला, पण आत काय आहे म्हणून कधी चौकशी केली नाही. शेवटी त्यानेच सगळ्यात दांडगं मशीन काढून दिलं. 'हे कशातही घुसेल!'

घरी आल्यावर हिने पेटी उघडायला लावली. आत डोकावली. 'अहो, घर दुरुस्त करायचंय की पाडायचंय?'

खरं तर हे सगळं तिचं खातं. सासऱ्यांचं गॅरेज होतं, त्यामुळे ही पान्यांशी आणि नटांशी खेळतच मोठी झाली. आमच्या घरातला नळ, पंखा, दाराची कडी, गाडीचं पोट, सगळं तिच्याकडे. गाडीही तीच चालवते. मी छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस, जन्मभर लोकांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या. दुरुस्तीत माझं काम टॉर्च धरण्याचं, आणि तोही मी नेमका तिच्या डोळ्यांवर धरायचो. म्हणून मी तिला उस्ताद म्हणतो.

डिसेंबरात उस्ताद स्टुलावरून पडल्या. हातातलं जुनं ड्रिल त्यांच्याआधी खाली पोहोचलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. तिच्या उजव्या मनगटाचेही. आता प्लास्टर निघालंय, पण बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणाले, 'हात वापरा, नाहीतर असाच राहील.' आणि त्याच संध्याकाळी शेजारीणबाईंसमोर तिच्या हातून कपबशी सुटली. कोणी काही बोललं नाही. पण तेव्हापासून तो हात शालीखाली गेलाय. माझ्यासमोरसुद्धा बाहेर येत नाही.

मला वाटलं होतं, नवं मशीन बघून तरी येईल. नाही आला.

४ फेब्रुवारी

मशीन परत करायला गेलो. ही बरोबर आली! मीच चकित.

दुकानात गेल्यावर बाईसाहेब एकदम वेगळ्याच. 'घरात रोज काँक्रीट फोडायचंय का आम्हाला? छोटं दाखवा, बॅटरीवरचं.' मग मला एकेक हातात धरायला लावलं. 'हात लांब करा. आता तसेच उभे राहा. मनगट दुखलं की सांगा.' मी पुतळ्यासारखा उभा! तिचं म्हणणं, ताकद सगळेच बघतात, वजन कोणी बघत नाही, आणि हात वजनानेच थकतो. चाकाचे नट काढायचं मशीनही घेतलं, पण त्याच बॅटरीवर चालणारं. 'दर मशीनला वेगळी बॅटरी घेतलीत तर घरात चार्जरचं रान माजेल.' डोळ्यांना लावायचा चष्मा मी नको म्हणत होतो. माझं कोण ऐकतंय!

निघताना दुकानदाराने कौतुकाने ते छोटं ड्रिल तिच्यापुढे केलं. 'तुम्ही पण धरून बघा की, ताई.' तिने शाल घट्ट ओढून घेतली. म्हणाली, 'वापरणारे हे आहेत.'

मला फार वाईट वाटलं. 

८ फेब्रुवारी, रविवार

पहिलं भोक! कोठीच्या खोलीत फळी बसवायची होती. चष्मा लावला, पेन्सिलीची खूण केली, बिट टेकवलं, दाबलं. घर्रर्र. दाबतोय, दाबतोय, भिंत काही दाद देईना. भिंतीतून धूर आला. मी म्हटलं, 'काँक्रीटच आहे गं! मोठं मशीन परत करायला नको होतं.'

ही खुर्चीत बसून सगळं बघत होती. शांतपणे म्हणाली, 'उलटं फिरतंय.'

'काय?'

'बिट. उलट्या दिशेला फिरतंय. मघापासून तुम्ही भिंतीला गुदगुल्या करताय.'

आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पडल्यापासून पहिल्यांदा! मी तर वाटल्यास रोज भिंत जाळीन.

९ फेब्रुवारी

फळी लागली. जरा तिरकी आहे. लिंबू ठेवलं तर घरंगळत टोकाला गेलं. ही म्हणाली, 'असू दे, लिंबाला घाई असेल.'

१० फेब्रुवारी

नवल आहे! सकाळी फिरून आलो, दूध ठेवलं आणि कोठीत डोकावलो, तर फळी सरळ. पाणसळ ठेवून पाहिली, बुडबुडा अगदी मधोमध. हिला हाक मारून दाखवलं. म्हणाली, 'लाकूड नवीन असलं की बसायला वेळ लागतो.' असेल बुवा. काल माझाच चष्मा तिरका असणार.

१५ फेब्रुवारी, रविवार

कपाटाच्या दाराची बिजागरी ढिली झाली होती, ती काल आवळली. मशीन इतक्या जोरात फिरलं की स्क्रूच्या डोक्याची खाचच उडाली. ही ओरडली, 'बिट बसतं त्या चकामागची ती आकड्यांची कडी कशाला दिलीय? शोभेला? स्क्रू बसवताना आकडा कमी ठेवायचा, म्हणजे पुरेसं आवळलं की ते आपणहून थांबतं!' हे आधी सांगायला काय झालं होतं? वर म्हणते, आधीच सांगितलं होतं.

दार काल रात्री आपणहून उघडत होतं. आज सकाळपासून झकास बंद होतंय. लाकूडच बसलं असणार! मुलीला लगेच फोन केला. म्हटलं, तुझ्या बाबांच्या हाताला गुण आहे बरं का! ती हसली. मग विचारलं, 'आणि आईचा हात?'

काय सांगणार? रोज गरम पाण्याचा शेक देतो. तेवढ्यापुरता देते हात माझ्या हातात, मेलेल्या माशासारखा. मग परत शालीखाली. मुलगी म्हणाली, 'बाबा, मग गाडी विकून टाका ना. नुसती उभी राहून खराब होईल. तुम्ही तर चालवत नाही.'

फोन ठेवल्यावर हिला सांगितलं. वाटलं होतं, आता घर डोक्यावर घेणार. पण ही भिंतीकडे तोंड करून म्हणाली, 'विका.' एवढंच.

भांडली असती तर बरं झालं असतं. मला भीती वाटते. हात गेला तर गेला, पण हिने मनातून सोडूनच दिलं तर?

२० फेब्रुवारी

मी गाडी विकण्याचा विषय काढला नाही. उलट म्हटलं, पुढचं चाक पंक्चर होऊन बसलंय, बदलायचं. तू फक्त सांग.

ती खाली येऊन खुर्ची टाकून बसली. गाडीच्या मागच्या चाकांना विटा लावायला सांगितल्या. 'जॅक नुसता मातीत नको, फरशीवर घ्या. आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही!' नट काढायचं मशीन काय पळतं! तटतटतट, सगळे नट सुटले. मी खूश. बसवतानाही तेच करायला गेलो, पहिलाच नट मशीनने कचकचून आवळला, आणि ही खुर्चीतून उठलीच.

'थांबा! एकच आवळलात तर चाक तिरकं बसेल. आधी सगळे हाताने लावा. मग समोरासमोरचे थोडे थोडे. शेवटचा जोर पान्याने, मशीनने नाही.'

मग मी पान्याने नट आवळत होतो. सहज तिच्याकडे लक्ष गेलं. शालीखाली काहीतरी हलत होतं. मी पाना फिरवला की तिकडेही फिरायचं. मी थांबलो की तेही थांबायचं. उगाच चारदोन वेळा जास्त फिरवून घेतलं.

२४ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे. तिला त्यांचं बोट दाबायला सांगितलं. तिने दाबलं. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. 'अरे वा! हे कधी झालं? व्यायाम कुठला करता?'

'काहीच नाही,' ही म्हणाली आणि छताचा पंखा बघत बसली.

म्हणजे माझा गरम पाण्याचा शेक लागू पडला! मी डॉक्टरांना पाण्याचं तापमानही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं नाही. घरी मात्र हात पुन्हा शालीखाली. बरा होतोय तर लपवायचा कशाला? काही कळत नाही.

२६ फेब्रुवारी

कळलं!

काल मी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरना नव्या मुठी बसवल्या होत्या. एक वर, एक खाली, एक जाग्यावरच गोल फिरणारी. सकाळी फिरायला निघालो आणि कोपऱ्यावरून परतलो, दूध आणायची पिशवी विसरलो होतो. दार नुसतं लोटलेलं. आतून घर्र आवाज.

स्वयंपाकघरात ही जमिनीवर मांडी घालून बसलेली. शाल खुर्चीवर. उजव्या हातात ड्रिल! खालून डाव्याने आधार दिलेला, पण चाप उजव्याच बोटाने दाबत होती. स्क्रू निसटून खाली पडला. तिने तो उचलला, उजव्याच हाताने, दोनदा निसटला तरी तिसऱ्यांदा उचलला. आणि तोंडाने चाललं होतं, 'किती ते वाकडं मारावं माणसाने! शिकवून शिकवून दमले. पण हौस बघा मेल्याची, हौस केवढी!'

म्हणजे फळी तिनेच सरळ केली होती. कपाटाचं दारही. मी फिरायला गेलो की ही माझ्या चुका उलगडून पुन्हा बसवते. कोणी बघत नाही ना, मग पडलं तरी चालतं. कपबशी सुटली तेव्हासारखं कोणी गप्प होत नाही.

मान खाली गेली थोडी, खोटं कशाला बोलू? दाराची बढाई माझी पार फोनवर मारून झाली होती. पण त्याहून आनंद फार झाला. दारात उभा राहून डोळे पुसले आणि तसाच, चपला हातात घेऊन, मागे फिरलो. बागेला आणखी दोन फेऱ्या मारल्या. दूध विसरलोच. ही म्हणाली, 'एवढा वेळ फिरून हात हलवत आलात?'

मी म्हटलं, 'वय झालं.' ड्रॉवरच्या मुठी एका ओळीत होत्या. मी माझं कौतुक करून घेतलं. तिने करू दिलं.

१ मार्च, रविवार

आज न्हाणीघराबाहेर चार खुंट्या लावल्या. पेन्सिलीने खुणा केल्या, पाणसळ लावली, सगळं उस्तादांनी शिकवलं तसं. पहिल्या दोन सरळ बसल्या, अगदी सहज! मग थांबलो. त्या काढल्या, आणि चारही नीट विचार करून वाकड्या मारल्या. सोपं नाही हो, तिला संशय न येईल इतपतच वाकडं मारायचं म्हणजे! ही येऊन बराच वेळ बघत उभी राहिली. म्हणाली, 'छान झालंय.' उद्या फिरायला लांबच्या रस्त्याने जाणार आहे.