झाडाच्या खोक्यातलं मंगळसूत्र

२० डिसेंबर, संध्याकाळ

संदेशनं, माझ्या धाकट्या भावानं, बाबांनी कधीकाळी आणलेलं ख्रिसमसचं झाड आज परत खोक्यात कोंबलं. हल्ली मोबाईलवर कोणाची तरी प्रवचनं ऐकतो. म्हणे, "ताई, झाड मूर्तिपूजकांचं आहे. पंचवीस तारीख पण रोमन लोकांच्या सूर्यदेवाची होती." आणि तोंडात आईची करंजी! मी म्हटलं, "मग करंजी काहून खाऊन राहिला गा? ती काय बेथलेहेमहून आली?" बोलायला नको होतं का? पण चीडच आली. तो ओरडला, "जे परक्या देवाचं, ते या घरात नको मले!"

आईनं गॅस बंद केला. बाहेर आली आणि पिठाच्या हातांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढलं. काळे मणी, मधे छोटा क्रूस. "हे पण परक्या देवाचंच आहे बाप्पा," म्हणाली आणि खोक्यात, झाडावर ठेवलं.

संदेश खोक्याकडे फिरकलाही नाही. खोकं अजून उघडंच आहे. हात लावायची माझीही हिंमत होत नाही. बाबा गेले तेव्हा शेजारच्या बायका सांगून सांगून थकल्या होत्या, तरी आईनं ते काढलं नव्हतं.