टप निघणारी जीप

भाद्रपद शु. १०, मंगळवार
बुलढाण्याला ह्यांची तपासणी. डॉ. नी स्पष्टच सांगितलं, ओझं घेऊन चढ चढायचा नाही. या वर्षी नाही अन् पुढेही नाही. हे खाली बघत चपलेचा अंगठा सारखा करत बसले. येताना बसमध्ये एवढंच, "घटस्थापनेले किती दिवस राह्यले?" त्यांना माहीत आहे. मलाही.

शु. ११, बुधवार
उपवास. देवघर पुसताना देवीचा मुखवटा हातात घेतला. जड आहे. आजेसासऱ्यांपासून घटस्थापनेला आमच्याच घरचा माणूस तो डोक्यावर घेऊन डोंगरावरच्या देवळात नेतो. अकरा कि.मी. वाटेत आईच्या वर छत नको, एवढाच नेम.
दुपारी चुलत दीर प्रल्हादभाऊजी आले. चांगलंच बोलले. "दादा, झेपत नसन तं मी नेतो. मान काय, घरातच राह्यते."
हे म्हणाले, "तुह्या घरात."
एकदा गेलेला मान परत येत नाही. भाऊजी अर्धा चहा ठेवून उठले.

शु. १३, शुक्रवार
मीच सुचवलं, गाडीत मांडीवर घेतला तर? ट्रॅक्टरची ट्रॉली नको, शेणखत वाहिलेली, आणि ह्यांच्या छातीला ते हादरे सोसायचे नाहीत. हे म्हणाले, "मांडीवर चालते. पण वर उघडं पायजे."
मलकापूरला जावई संतोषरावांना फोन. वरून उघडणारी गाडी पाहिजे, पण दर महिन्याला डॉ. कडे जायला बंदही झाली पाहिजे. ते हसले. "मामी, अशी गाडी सिनेमातले लोकं घेतात." म्हटलं, आपल्या ऐपतीत बसेल ती बघा.

पौर्णिमा, रविवार
मलकापूर. पांढरी जुनी जीप. वर लोखंडी टप, बोल्ट काढले की दोघांनी उचलायचा. सीट दाबून पाहिली. पायाखालचं रबर उचललं, गंज आहे पण थोडा. छताला आतून अस्तर, स्वच्छ. ह्यांना चढायला पायरी बरी.
विकणारा दोन लाख दहावरून हलेना. आपल्याकडे मोडलेली ठेव धरून पावणेदोन. निघताना म्हणतो, "ताई, उद्यापासून पितृपक्ष. पक्षात गाडी घ्यायले कोणी येत नाही. तवा या, तुमच्या भावात देतो."
टप काढून दाखवा म्हटलं. आभाळाकडे बोट केलं. "सीटा भिजतीन."

व. ६, शनिवार
पक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही. आणि पक्षाशिवाय ती परवडायची नाही. दोन दिवस माळ ओढताना हेच डोक्यात. शेवटी मार्ग काढला, सौदा आत्ता, गाडी पक्ष सरल्यावर. पावणेदोनात झाला.
संतोषरावांनी विचारलं, "टप काढून पाहू का?" मी नको म्हटलं. तोवर आपला हात लागायला नको तिला.

व. ११, गुरुवार
सासऱ्यांचं पान वाढलं. हे दुपारी अंगणात फेऱ्या घालत होते. मान ताठ, एक हात वर, जसं डोक्यावर काही धरलंय. मी दिसले तसा हात खाली.

सर्वपित्री अमावस्या, सोमवार
पानं झाली, पक्ष सरला असं धरलं. संध्याकाळी जीप दारात. ओवाळली. संतोषराव आणि भाऊजींनी मिळून टप उतरवला. अस्तर त्याच्यासोबत आलं. आणि आतून निघाली लोखंडी पाईपची कमान. मधोमध आडवी, तिथून पुढच्या काचेपर्यंत दोन. कुठेही बसा, डोक्यावर पाईप.
मिस्त्रीला फोन. कापली तर बॉडी ढिली होईल, म्हणे, आणि घाटात गाडी उलटली तर हीच डोकी वाचवते.
आधी उघडली असती तर. हात लावू नये असं पोथीत कुठे नव्हतं, माझ्याच मनात होतं.
भाऊजीच म्हणाले, "दादा, आई देवघरातून निघते तं चौकटीखालूनच ना? हे चौकटच समजा. मी तोरण बांधतो."
हे म्हणाले, "चौकट वलांडून निघते बे ते. चौकट डोक्यावर घेऊन नाही जात."
मग माझ्या तोंडून गेलं, "तर मान भाऊजींना द्या. मला तुम्ही पाहिजे." लग्नाला तेहतीस वर्षं झाली, असं कधी बोलले नव्हते. सगळ्यांसमोर.
भाऊजी पायाच्या बोटाकडे बघत. "वैनी, असा नाही पायजे मले."

आश्विन शु. १, मंगळवार
पहाटे. घट बसले. कमानीला भाऊजींनी आंब्याचं तोरण बांधलंय, झेंडूही. संतोषराव गाडी सुरू करून बसलेत. पुढचं दार मी उघडून आले, सीटवर नवा पाट, त्यावर धुतलेलं धोतर.
माझं जुनं हिरवं लुगडं पेटीत नाही. आत्ता दिसलं. देवघरासमोर ह्यांच्या शेजारी त्याची चुंबळ, डोक्यावर ठेवायला घट्ट वळलेली. कधी वळली कोण जाणे.
डॉ. च्या गोळ्या घेतल्या का विचारलं. "घेतल्या."
उठले. मुखवटा उजव्या कुशीत. चुंबळ डाव्या हातात. उंबऱ्यापाशी थांबलेत, जीपकडे बघतात, मग रस्त्याकडे. मी वही मिटते, जाते त्यांच्यासोबत.