स्टुलावर बसून ठरवा

अहो,

होम थिएटरचे दोन्ही साउंड प्रोसेसर टीव्हीखाली जोडून ठेवलेत. दुकानातली उत्कर्षा सात वाजता येऊन नको असलेला परत नेईल. ठरवायचं तुम्ही. मी शर्मिलाताईंकडे मांजरी गावात चाललेय, मुद्दाम आठलाच येईन. पोहे झाकून ठेवलेत.

पहिला एकाच जागेपुरता आवाज जुळवतो. जोडताना आवाज मोजायचा माईक काढत उत्कर्षाने विचारलं, "काकू, मुख्य बैठक कुठली?" मी म्हटलं, "काकांची खुर्ची. सोसायटीत कुणालाही विचार." दुसरा आठ जागांवर माईक ठेवून मोजतो आणि सगळ्यांसाठी जुळवतो. तेव्हा ती म्हणाली, "आणि तुम्ही कुठे बसता?" एकोणीस वर्षांत या घरात कुणी हे विचारल्याची माझ्याकडे तरी नोंद नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातलं स्टूल दाखवलं. तिने माईक तिथे माझ्या कानांच्या उंचीवर लावला आणि म्हणाली, "आता बांगडीसुद्धा वाजवू नका."

मग तिने दुसऱ्यावर जंगलातले आवाज लावले. अहो, पोपटांचा थवा फ्रिजमागून उठला, माझ्या डोक्यावरून गेला आणि तुमच्या खुर्चीपलीकडे उतरला. मी मान वर करून बघतच राहिले. वर नुसता पंखा, तोही बंद. इतकी वर्षं दारापर्यंत सिनेमातली भांडणं तेवढी पोचायची. पाखरं तुमच्यापाशीच थांबत होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

"दोन माणसांना आठ जागा कशाला," हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. बरोबरही असेल. फक्त दोन्ही ऐकाल ते माझ्या स्टुलावर बसून ऐका. मग कुठला परत दिलात, ते मी विचारणार नाही.

ललिता