डोहात नमस्कार

२ मे
नात आली लातूरहून. अकरावी झाली. ज्योती म्हणजे आता नुसती खुंटी, वर कपडे टांगलेले. केस विंचरले तर कंगव्यात मूठभर. माझा अरुण म्हणतो, बारावीची सुट्टीतली बॅच आठ दिवसांत सुरू. ज्यो. म्हणाली, "पप्पा, मला न्हाई जायचं." त्यानं पेपर खाली केला नाही. मला म्हणाला, "या साली तू जा तिच्यासंगं. खोली घेऊ, स्वैपाक तू कर." लातुरात निम्म्या खोल्यांत आज्याच चुलीशी. हाव म्हणाले.

४ मे
तिला घेऊन माहेरी आले. लोह्याला यष्टी बदलली, पुढं डोंगरात जीप. वाटेत बोलली थोडं. भूकंपात ती आजोळी होती. मातीखालून ती जिती निघाली दुपारी, तिची आई संध्याकाळी, गेलेली. तेव्हापासून दार लावून झोपत नाही. लातूरच्या खोलीत चौघीजणी न् दाराला आतून कडी. वर्षभर रातरातभर जागी बसून राहायची म्हणे. मी कधी विचारलंच न्हाई.

५ मे
डोहावर गेलो, वहिनीसंगं. धबधब्याचा घूं आवाज आला तशी ज्यो. थांबली. "जमिनीतून येतोय का गं?" हात धरून नेलं.
शी. भोपळा बांधून आम्ही पोहायला शिकलो त्या पाण्यावर तेलाचा तवंग, कोंबडीची पिसं, पत्रावळ्या. कपारीत बाटल्या. खडकावर लातूरच्या क्लासची जाहिरात, हातभर अक्षरं. चाळिशीत पोरांच्या पुस्तकांवरून वाचायला शिकले. आज वाटलं, येत नसतं तर बरं.
वहिनी म्हणाली, "आक्का, आता म्हशीबी येत न्हाईत इकडं."
वरच्या अंगाला, धारेखाली, पाणी निवळ हाय. उद्या तिथं.

६ मे
इथली रीत अशी, बाया पाण्यात असल्या की वाटेवरच्या करंजाला साडी टांगायची. पुरुषमाणूस ती बघून माघारी फिरतो. माझी हिरवी टांगली. ज्यो.च्या कमरेला भोपळा बांधला. आधी किंचाळली. अर्ध्या तासानं म्हणते, "सोड आता भोपळा." हसली. किती दिवसांनी...
तेवढ्यात वाटेवर कालवा उठला. तिच्याच क्लासची पोरं, सहलीला, जीपा भरून. एकानं माझी साडी ओढून अंग पुसलं, बाकीच्यांनी अंथरून त्यावर चिवडा खाल्ला. त्यांना साडी म्हणजे फडकं. मागून सर. ज्यो. गळ्यापर्यंत पाण्यात. ओळखलंच त्यांनी.
"‘ए’ बॅचमधून घसरलीस ती तूच ना? आणि इथं डुंबून राहिलीस?"
पोरं हसली. माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या. आणि केलं काय, तर ओलेत्यानं उभी राहून दोन्ही हात जोडले. "नमस्कार सर. पोरीचं होईल न हो डॉक्टरचं?"
"घरच्यांनी लक्ष दिलं तर," सर म्हणाले. मग वर चढले आणि धारेच्या तोंडाशीच लघवीला उभे राहिले. खाली आम्ही.

७ मे
तीनदा अंग घासलं. वास नाकातच बसलाय. सरांची किळस येणं सोपं. माझेच जोडलेले हात आठवले की घास फिरतो.
ज्यो. वहिनीशी बोलते. माझ्याशी न्हाई.

९ मे, नांदेडला परत
अरुणला सगळं सांगितलं, लघवीसकट. तो म्हणतो, "सरांनी नुसतं बघून ओळखलं म्हणजे तिच्यावर लक्ष हाय." माझ्या पोटचा हा.
म्हटलं, "मी जाणार न्हाई. तिलाबी धाडू नको."
"मग काय करंल ती, आई?"
तेवढा विचार मी केलाच नव्हता. उद्या खोलीवाल्याला कळवायचंय म्हणाला.

१० मे
सकाळी गवार मोडत होते. ज्यो. येऊन समोर बसली. चार दिवसांनी तोंड उघडलं.
"आजी, खरं सांग. मी डॉक्टर व्हावं असं तुला वाटतंय न?"
न्हाई म्हणणार होते. आलंच न्हाई. डोळ्यापुढं तिचा पांढरा कोट आला, शेजारपाजार आला, मेला.
अरुण दोनदा डोकावून गेला, खोलीवाल्याला काय कळवू म्हणून. गवार संपली तशी ही लिहायची वही ओढली. ज्यो. उठली न्हाई. समोरच हाय, माझ्याकडं बघून राहिली.