गप्प राहिलेली डबी

प्रिय रोझेन,

दफनविधीनंतर कॉफीलाही न थांबता मी रेन शहराची गाडी पकडली, याचा तुला राग आला असेल. तुझ्यासमोर बसणं मला जमलं नसतं.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या प्रयोगशाळेची डबी आपल्या खाडीवर बसवली, तेव्हा तिचा खांब तुझ्या बाबांनीच ट्रॅक्टरवरून आणला. किनाऱ्यावर कुजणारं हिरवं शेवाळ ते सतरा वर्षं उचलत होते. मी सांगितलं, आत केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक तारांचा थर आहे. शेवाळातला विषारी वायू लागला की भोंगा वाजतो. ते हसले. "अगं, देवानं मला नाक काय शोभेला दिलंय?" मी म्हटलं, "वायू फार वाढला की नाकाला वासच येईनासा होतो, गुल्वेनकाका."

पण समुद्राच्या दमट हवेत डबी उगीचच ओरडायची. नऊ वेळा ते ट्रॅक्टर सोडून पळाले, नऊही वेळा काही नव्हतं. "तुझी ही पोरगी तुझ्यासारखीच रडकी," म्हणायचे, पण दरवेळी पळायचे. हॉटेलवाले कुरकुरू लागले, पाहुणे घाबरतात म्हणाले. दमटपणावर उपाय शोधायला मला दोन महिने लागले असते. तेवढा वेळ न मागता मी रेनमध्ये बसून भोंगा वाजण्याची मर्यादा चौपट केली आणि त्यांना फोन केला, "आता निर्धास्त राहा. वाजली तरच पळा." त्यांनी माझा शब्द मानला.

ते गेले त्या मंगळवारी भोंगा वाजलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नोंदी उघडल्या. नऊ बेचाळीसला वायू चढू लागला आणि अकरा मिनिटं चढतच राहिला. दमटपणाची रेघ मी ओळखते, ही तशी नव्हती. जुनी मर्यादा असती तर पहिल्याच मिनिटाला भोंगा वाजला असता. डबीला कळलं होतं, रोझेन. तिचं तोंड मी बंद केलं होतं.

दफनभूमीत तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "सकाळी छाती भरल्यासारखी वाटते म्हणाले होते गं. मीच म्हटलं, नाटकं पुरे, कामाला जा." मला तेव्हाच सगळं ठाऊक होतं, तरी मी तुला रडू दिलं. त्याला तीन आठवडे झाले. उद्या मी नोंदी चौकशी अधिकाऱ्यांकडे देतेय, माझ्या सहीनिशी. त्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं. तुझ्या त्या बोलण्यानं बाबा गेले नाहीत. माझ्या फोननं गेले.

तुझीच म्हणवायची हिंमत नसलेली,
आझेनोर